नऊ लाइटबॉक्स आणि एक स्टॉपवॉच: नौपाड्यातील अ‍ॅनिमेशन वर्गाविषयी

ठाण्यात नौपाड्यात, घंटाळी मंदिरापासून पाच-सात मिनिटांच्या अंतरावर, एका जुन्या तीन मजली इमारतीच्या सर्वांत वरच्या खोलीत शनिवार-रविवारी अ‍ॅनिमेशनचा एक वर्ग चालतो. तिथे माझी मुलगी चौदा आठवडे शिकली आणि पहिले दोन आठवडे नुसती सोबत म्हणून बसल्यावर तिसऱ्या आठवड्यापासून मीही रीतसर फी भरून तिच्या शेजारच्या टेबलावर बसले. वर्गाला पाटी नाही. नाव कुठे छापू नका, असे सरांनी स्पष्ट सांगितले असल्यामुळे ते येथे दिलेले नाही. परंतु त्या भागात 'कार्टूनचा क्लास' एवढे विचारले तरी खालचा वाणी जिना दाखवतो.

इथवर पोहोचण्याआधी आम्ही एकदा ठेच खाल्ली होती आणि परीक्षणात ते सांगणे आवश्यक आहे, कारण माझी तुलना त्या अनुभवाशीच आहे. मुलगी बारावी झाल्यावर एका मोठ्या, वातानुकूलित, भिंतीभर राक्षस आणि अवकाशयाने रंगवलेल्या संस्थेत आम्ही चौकशीला गेलो आणि 'शंभर टक्के नोकरी'च्या आश्वासनावर पस्तीस हजार रुपये आगाऊ भरून बसलो. मी बँकेत कर्जविभागात काम करते, लोकांच्या करारांतला बारीक टाइप वाचणे हा माझा रोजचा धंदा आहे, आणि तरीही स्वतःच्या मुलीच्या वेळी तो मी वाचला नाही. नोकरी म्हणजे नेमकी कोणती, हे तीन महिन्यांनी कळले: दुसऱ्यांनी चित्रित केलेल्या दृश्यातील माणसाभोवती फ्रेमगणिक, म्हणजे चित्रणातील प्रत्येक सुट्या चित्रागणिक, रेघ ओढून त्याला पार्श्वभूमीपासून वेगळे करण्याचे रोटोचे काम, तेही बहुधा रात्रपाळीत. ते काम कमी प्रतीचे आहे असे मी म्हणणार नाही. चित्रपटांना त्याची गरज असते आणि त्यावर अनेक घरे चालतात. पण तीन महिन्यांत मुलीने एकही चित्र काढले नव्हते. पैसे परत मिळाले नाहीत.

म्हणूनच नौपाड्याच्या जिन्याने चढताना मी हिशेबाची वही मनात उघडूनच चढले होते. फी एकवीस हजार, एकूण अठ्ठावीस बैठका, प्रत्येक बैठक तीन तासांची, म्हणजे तासाला अडीचशे रुपये पडतात. कागदाचा खर्च वेगळा. पावती हाताने लिहिलेली मिळते, पण मिळते. खोलीत नऊ लाइटबॉक्स, म्हणजे कागदाला खालून उजेड देणाऱ्या काचेच्या पेट्या आहेत, म्हणून विद्यार्थी नऊच. माझ्यासाठी सरांनी घरातला दहावा, काच तडकलेला लाइटबॉक्स आणून दिला. प्रत्येकावर पितळी पेगबार बसवलेला आहे, ज्याच्या खुंट्यांवर भोके पाडलेले कागद अडकवले की एकाखाली एक ठेवलेली चित्रे तसूभरही सरकत नाहीत. कागदाला भोके पाडण्याचे यंत्र मात्र एकच, आणि शनिवारी पहिली वीस मिनिटे त्याच्यापुढे रेशनच्या दुकानासारखी रांग लागते. ही गैरसोय चौदा आठवड्यांत सुटली नाही.

सरांनी 1982 साली या व्यवसायात पाऊल ठेवले, दूरदर्शन रंगीत झाले त्याच वर्षी. त्यानंतरची चाळीसहून अधिक वर्षे त्यांनी जाहिराती, चित्रपटांची श्रेयनामावली, शैक्षणिक पट, परदेशी मालिकांचे आउटसोर्स काम आणि शेवटी आपल्याकडच्या लहान मुलांच्या वाहिन्या, या क्रमाने काढली. या वर्गाचा छापील अभ्यासक्रम नाही. सरांची कारकीर्द हाच अभ्यासक्रम आहे आणि तो त्याच क्रमाने शिकवला जातो. सुरुवातीला मला हे अघळपघळ वाटले. नंतर त्यातील युक्ती लक्षात आली: प्रत्येक टप्प्यावर तंत्र का बदलले, ते बदलल्यावर कोणाच्या हातचे काम गेले आणि कोणाला नवे मिळाले, हे त्या तंत्रासोबतच समजत जाते.

उदाहरणार्थ, त्यांची पहिली सहा महिने नोकरी सेल धुण्याची होती. सेल म्हणजे पारदर्शक पत्रा. त्याच्या पुढच्या बाजूने शाईची रेघ आणि मागच्या बाजूने रंग भरायचा, म्हणजे रंगामुळे रेघ झाकली जात नाही. हे पत्रे महाग असल्यामुळे काम झाल्यावर रंग धुऊन ते पुन्हा वापरले जात. धुता धुता त्यांना एक गोष्ट समजली, जी रंगवणाऱ्यांना तोंडपाठ असे: एका पत्र्यावर दुसरा, त्यावर तिसरा ठेवला की खालचे रंग किंचित मळकट दिसतात, म्हणून सर्वांत खालच्या पत्र्यावरचा रंग मुद्दाम थोडा उजळ घोटावा लागतो. सरांनी आमच्यापुढे तीन कोरे पत्रे एका पिवळ्या ठिपक्यावर ठेवून तो पिवळा हळदीचा मोहरीसारखा होताना दाखवला. आता संगणकात हा प्रश्नच उरलेला नाही, मग शिकवता कशाला, असे एका विद्यार्थ्याने विचारले. सर म्हणाले, "तुझ्या हातातलं कामसुद्धा एक दिवस असंच धुऊन जाणार आहे. तेव्हा कामाबरोबर काय जातं आणि डोळ्यात काय राहतं, एवढं बघून ठेव."

वर्गाचा खरा गाभा मात्र वेळेचे गणित हा आहे, आणि माझ्या मते एकवीस हजारांपैकी निम्मे तरी त्याचेच द्यावे लागतात. चित्रपट सेकंदाला 24 फ्रेम धावतो. आपल्याकडचे दूरचित्रवाणी प्रसारण 25 फ्रेमचे, त्यामुळे 24 चा चित्रपट 25 ने दाखवला तर शंभर मिनिटांचा शहाण्णव मिनिटांतच संपतो. प्रत्येक चित्र दोन फ्रेम रोखून धरले तर सेकंदाला बारा चित्रे पुरतात आणि डोळ्याला ते बहुतेक वेळा खटकत नाही. हे 'टूज'वर काम करणे. आता लहान मुलांच्या मालिकेचा अकरा मिनिटांचा एक भाग घ्या: 25 च्या हिशेबाने साडेसोळा हजार फ्रेम, टूजवर धरले तरी सव्वाआठ हजार चित्रे. ही आकडेमोड फळ्यावर पूर्ण झाली तेव्हा वर्गात शांतता पसरली. दूरचित्रवाणीसाठीची पात्रे हात, पाय, डोके असे सुटे भाग करून कठपुतळीसारखी संगणकात का बांधली जातात, पात्र बोलताना नुसते तोंडच का हलते आणि धड स्थिर का असते, याचे उत्तर त्या एका गुणाकारात आहे. तो आळशीपणा नसून अंदाजपत्रक आहे. ज्या घरात मुले रोज ही कार्टून पाहतात त्या घरातील मोठ्यांनी हा गुणाकार एकदा करून पाहावा.

पहिला सराव चेंडूचा. वर जाताना तो मंदावतो, म्हणून तिथे चित्रे दाटीवाटीने काढायची. खाली येताना वेग धरतो, म्हणून अंतरे वाढवायची. जमिनीला टेकताना चपटा करायचा, पण त्याचे आकारमान तेवढेच राहिले पाहिजे. दुसरा सराव जगभर अर्ध्या भरलेल्या पिठाच्या पोत्याचा असतो. आमच्याकडे तो दळणाच्या पिशवीचा झाला. सरांनी प्रत्येकाला घरून अर्धी भरलेली पिशवी आणायला सांगितले आणि त्या शनिवारी वर्गात नऊ घरांची दळणे ओळीने बसली होती. पिशवी दमलेली दाखवा, रुसलेली दाखवा, चोरून ऐकणारी दाखवा, चेहरा काढायचा नाही. माझ्या मुलीची इंटरमिजिएट ड्रॉइंग परीक्षेत 'अ' श्रेणी आहे. तिने पिशवीच्या प्रत्येक चित्रात इतके सुंदर छायांकन केले की तीन तासांत चारच चित्रे झाली. सरांनी ती चारही उलटून पाहिली, पालथी ठेवली आणि सांगितले की स्थिरचित्राच्या पेपरात जे शिकलीस ते इथे विसर आणि स्मरणचित्राच्या पेपरात जे शिकलीस तेवढे जवळ ठेव. तिला ते लागले. घरी येताना रिक्षात ती एक शब्द बोलली नाही. पण पुढच्या रविवारी तिने चाळीस चित्रे काढली, नुसत्या रेघांची, आणि लाइन टेस्टमध्ये पिशवी खरोखर रुसली.

लाइन टेस्ट म्हणजे पेन्सिलच्या चित्रांचे रंगाआधी केलेले कच्चे चित्रण. पूर्वी ते फिल्मवर करून प्रयोगशाळेतून येण्याची वाट पाहावी लागे. आता खोलीत लाकडी स्टँडवर मोबाइल अडकवलेला आहे आणि चूक त्याच मिनिटाला दिसते. सरांच्या मते हा संगणकयुगातील सर्वांत मोठा फायदा आहे. वाट पाहण्यात जी चूक डोक्यात घोळत राहायची ती आता घोळत नाही, अशी त्यांची तक्रारही आहे, पण ती मला म्हाताऱ्या माणसाची तक्रार वाटली.

चौथ्या आठवड्यात वर्ग खोलीत झालाच नाही. सकाळी सात वाजता आम्हाला तलावपाळीवर बोलावण्यात आले आणि प्रत्येकाच्या हाती एक वही देण्यात आली; स्टॉपवॉच एकच होते, सरांचे, 1980 च्या दशकातील, किल्ली द्यावी लागणारे. माणसाचे एक पाऊल किती फ्रेमचे, हे मोजायचे होते. साधारण चालीचे पाऊल अर्ध्या सेकंदाचे, म्हणजे बारा फ्रेमचे; रमतगमत चालणाऱ्याचे सोळा; थकलेल्या किंवा वयस्क माणसाचे वीसपर्यंत; आणि आठ झाले की ती चाल राहत नाही, धावपळ होते. तिथल्या मासुंदा तलावाभोवती सकाळी फेऱ्या मारणाऱ्यांमध्ये या सगळ्या पावलांची प्रदर्शनी भरलेली असते. एका आजींचे डावे पाऊल चौदा आणि उजवे अठरा फ्रेमचे निघाले. सर म्हणाले की या चार फ्रेममध्ये त्यांचा गुडघा आहे. तेथून आम्ही चालत ठाणे स्टेशनच्या पुलावर गेलो आणि तेच मोजमाप दादरच्या दिशेने जाणारी जलद लोकल येत असताना केले. आकडे अर्थातच आठच्या खाली आले आणि आमच्यातील दोघेजण गर्दीत वाहून भलत्याच फलाटावर उतरले. सर अंधेरीच्या स्टुडिओत नोकरी करत असताना, म्हणजे घाटकोपरहून मेट्रो सुरू होण्याच्या कितीतरी आधी, दादरला गाडी बदलून रोज जात आणि फलाटावरची वाट पाहण्याची वेळ याच कामात घालवत. त्यांच्या जुन्या वह्यांत फलाटांवरच्या पावलांचे असे शेकडो आकडे आहेत. त्या वह्या त्यांनी आम्हाला हाताळू दिल्या. एवढ्यासाठी मी या वर्गाला इतर सर्व दोष माफ केले असते.

व्यवसायाचा इतिहास ते ओघात सांगतात, पण सांगतात तो नेमका. दादासाहेब फाळक्यांनी 1915 साली 'आगकाड्यांची मौज' या लघुपटात काड्यांना पडद्यावर हालते केले होते, म्हणून गृहपाठ मिळाला काडेपेटीचा: काडी किंचित सरकवा, मोबाइलने छायाचित्र घ्या, पुन्हा सरकवा. आमच्या स्वयंपाकघराचा ओटा त्यासाठी दोन रात्री अडला होता. सरकारच्या फिल्म्स डिव्हिजनमध्ये 1956 साली डिस्नेमध्ये काम केलेले क्लेअर वीक्स मुंबईत येऊन आपल्या कलावंतांना शिकवून गेले, त्यातून 1957 चा 'द बनियन डियर' हा अ‍ॅनिमेशनपट झाला आणि त्या तुकडीत राम मोहन होते, ज्यांना पुढे 2014 मध्ये पद्मश्री मिळाली आणि जे 2019 मध्ये गेले. ही नावे मी आधी ऐकलेली नव्हती. 'एक अनेक और एकता' हा अ‍ॅनिमेशनपट मात्र माझ्या पिढीला चालीसकट पाठ आहे. तो 1974 चा, भीमसेन यांचा आणि त्यामागे विजया मुळे होत्या, हे कळल्यावर मी त्या रात्री तो मुलीला दाखवला. राम मोहन यांनी जपानी दिग्दर्शकांसोबत केलेला रामायणपट नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीचा. जानेवारी 2025 मध्ये तो आपल्या चित्रपटगृहांत पुन्हा लागला होता आणि आम्ही दोघी तो पाहून आलो होतो, पण तेव्हा मी कथा पाहिली होती. वर्गात त्यातील एका दृश्यात उत्तरीय वाऱ्यावर कसे मागे राहते आणि माणूस थांबल्यावरही क्षणभर कसे पुढे जात राहते, हे सरांनी फ्रेम थांबवून थांबवून दाखवले, आणि आता साडीचा पदर पाहतानाही मला तेच दिसते.

ओठांच्या हालचालीवरचे दोन रविवार मला सर्वांत आवडले, आणि याविषयी थोडे सविस्तर लिहिण्याचा मोह होतो. पात्र बोलते तेव्हा आधी आवाज ध्वनिमुद्रित होतो, मग प्रत्येक अक्षर कितव्या फ्रेमवर आहे हे डोपशीट नावाच्या उभ्या रकान्यांच्या तक्त्यावर लिहितात आणि त्यानुसार तोंडाचे आकार काढतात. या आकारांचे तयार तक्ते सगळे इंग्रजी उच्चारांचे असतात. सरांनी ते बाजूला ठेवून फळ्यावर आपली वर्णमाला लिहिली, कंठ्य, तालव्य, मूर्धन्य, दंत्य, ओष्ठ्य, आणि विचारले की यातले बाहेरून काय दिसते? क, ख, ग घशात होतात, ट, ठ, ड टाळूला. तोंडात आत काय चालले आहे ते पाहणाऱ्याला कळत नाही. दिसतात ते फक्त ओष्ठ्य, म्हणजे प, फ, ब, भ, म, आणि त्यांना जोडलेला व; बाकी सगळे स्वरांचे आकार. त्यामुळे मराठीचे कितीही मोठे वाक्य असले तरी आठ-नऊ तोंडांत ते बसते. मात्र ओठ मिटण्याची जागा चुकली तर काहीच वाचवू शकत नाही. 'मामा' या शब्दातील प्रत्येक 'म' ला किमान दोन फ्रेम ओठ मिटलेले हवेत, आणि ते आवाजाच्या फ्रेम-दीड फ्रेम आधी मिटलेले हवेत, नाहीतर आवाज आणि चित्र बरोबर असूनही तोंड मागे पडल्यासारखे वाटते. 'ळ' साठी वेगळे तोंड नाही, हे ऐकून वर्गातील एकाला फारच वाईट वाटले.

यावरून दुसरी गोष्ट उलगडली. वाहिन्यांवर आज जी कार्टून मराठीत ऐकू येतात त्यांतील बहुतेकांची तोंडे मुळात हिंदीसाठी किंवा आणखी कुठल्या भाषेसाठी काढलेली असतात आणि मराठी वाक्ये त्यांत कोंबावी लागतात. 'नहीं' च्या जागी 'नाही' सहज बसते, पण 'हमें' च्या मिटलेल्या ओठांवर 'आम्हाला' बसवताना डबिंग लिहिणाऱ्याची त्रेधा उडते. आम्ही वर्गात दहा सेकंदांचा एक संवाद मुळातच मराठीत ध्वनिमुद्रित केला. एका विद्यार्थ्याच्या आजोबांचा आवाज, विषय गॅस सिलिंडर उशिरा आल्याचा. त्यावर तोंडे काढताना लक्षात आले की आपल्या बोलण्यात वाक्याच्या शेवटी 'ना' आणि 'की' वर हनुवटी हलते, भुवई हलते, मान हलते, आणि हे इंग्रजी तक्त्यात कुठेच नव्हते.

आता कारकिर्दीविषयी, कारण मुलांना वर्गात घालणारा प्रत्येक पालक शेवटी तेच विचारतो. सर याबाबत निष्ठुर म्हणावे इतके स्पष्ट आहेत. त्यांच्या काळी इन-बिटवीनर म्हणून सुरुवात व्हायची, म्हणजे मुख्य कलावंताने काढलेल्या दोन चित्रांमधली चित्रे भरायची. मग क्लीन-अप, म्हणजे कच्च्या रेघा स्वच्छ करणे, मग सहायक, मग अ‍ॅनिमेटर, आणि काहींच्या नशिबी लेआउट म्हणजे दृश्याची मांडणी, स्टोरीबोर्ड म्हणजे कथेचा चित्रांतला आराखडा, व दिग्दर्शन. स्वतंत्र काम करणाऱ्याला फुटावर पैसे मिळत. 35 मिलिमीटर फिल्मच्या एका फुटात सोळा फ्रेम, म्हणजे दिवसभर राबून दहा फूट झाले तर पडद्यावर पावणेसात सेकंद. आज मोजणी सेकंदावर होते, एवढाच फरक. आउटसोर्सच्या वर्षांत इथल्या कलावंतांना नियमित पगार मिळाला, हात तयार झाले. पण स्टोरीबोर्ड बाहेरून ठरून येत असल्यामुळे दहा-दहा वर्षे काम करूनही स्वतः एखादे दृश्य रचून पाहिलेले नाही अशी माणसे तयार झाली, आणि आपण त्यांतलेच एक होतो हे सर लपवत नाहीत. 2005 चा 'हनुमान' हा अ‍ॅनिमेशनपट चालला, 2008 मध्ये 'छोटा भीम' आणि 2012 मध्ये 'मोटू पतलू' आले, वाहिन्या इथेच मालिका मागू लागल्या, तेव्हा कथा रचणाऱ्यांची गरज निर्माण झाली आणि वयाच्या पंचेचाळिशीनंतर त्यांना स्टोरीबोर्ड नव्याने शिकावा लागला.

मधली चित्रे आता संगणक आणि कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने बऱ्याच अंशी भरू लागली आहेत. इन-बिटवीन ही शिडीची पहिली पायरी होती; ती काढून घेतली तर पोरे दुसऱ्या पायरीवर चढणार कशी, या प्रश्नाला सरांकडे उत्तर नाही आणि त्यांनी ते असल्याचा आवही आणला नाही. पायरी नसेल तर उडी मारावी लागेल, उडीसाठी पायात जोर हवा, म्हणून मी इन-बिटवीन करून घेतो, एवढेच ते म्हणतात. मला हे पूर्ण पटलेले नाही. परंतु ज्या संस्थेने शंभर टक्के नोकरी सांगितली होती तिच्यापेक्षा हे अपूर्ण उत्तर मला अधिक विश्वासार्ह वाटले.

एक संपूर्ण संध्याकाळ कागदपत्रांना दिलेली होती आणि ती मी अर्थातच बारकाईने ऐकली. 1957 च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम 17 नुसार नोकरीच्या ओघात केलेल्या कामाची पहिली मालकी, वेगळा करार नसेल तर, नोकरी देणाऱ्याकडे जाते. म्हणजे तुम्ही जन्माला घातलेले पात्र तुमचे नसते, आणि प्रसारित होण्यापूर्वी ते स्वतःच्या शो-रीलमध्ये, म्हणजे काम मागताना दाखवायच्या नमुन्यांच्या चित्रफितीत, घातले तर अडचण येऊ शकते. शो-रीलमध्ये काय घालता येईल याची लेखी परवानगी कामावर रुजू होतानाच मागून घ्यावी. वर्गात बावीस वर्षांचा एक मुलगा होता, जो एका स्टुडिओत आधीपासूनच काम करतो. त्याने दुसऱ्या दिवशी आपला करार आणला आणि मी तो वाचून दिला. मला त्या दिवशी प्रथमच वर्गात बसल्याचे सार्थक वाटले, कारण माझा चेंडू तोवरही दगडासारखाच पडत होता.

दोष आहेत आणि ते लहान नाहीत. संगणकावरचे शिक्षण फारच तोकडे आहे: चौदांपैकी दोनच रविवार, खोलीत यंत्र एकच, आणि त्यावर विनामूल्य मिळणारे ओपनटून्झ. हे सॉफ्टवेअर चांगले आहे, पण नोकरीच्या जाहिरातींत टून बूम हार्मनी किंवा माया यांची नावे असतात आणि ती शिकण्यासाठी मुलांना दुसरीकडे जावेच लागते. थ्रीडीविषयी सर जे बोलतात त्यात माहितीपेक्षा राग अधिक आहे. ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्येसुद्धा वेळेचे तेच गणित लागते हे त्यांच्याच शिकवणीतून सिद्ध होत असताना त्यांनी त्याला 'बाहुल्यांचा खेळ' म्हणणे मला योग्य वाटले नाही. प्रमाणपत्र मिळत नाही. शैक्षणिक कर्ज मिळणार नाही, हे मी बँकेतली म्हणून खात्रीने सांगते. तीन मजले जिना आहे, लिफ्ट नाही, पंखा लावला की कागद उडतात म्हणून तो बंद असतो, आणि एप्रिलच्या दुपारी लाइटबॉक्ससमोर तीन तास बसणे ही शिक्षा आहे. शिवाय सर तपासायला घेतलेली चित्रे वेळेवर परत देत नाहीत. माझ्या मुलीचा एक चालीचा सराव दोन आठवडे त्यांच्या कपाटात राहिला आणि शेवटी दुसऱ्याच्या गठ्ठ्यात सापडला.

पदवीचा पर्याय म्हणून या वर्गाकडे पाहू नये. सर स्वतःच मुलांना उपयोजित कलेच्या पदवीची राज्य सीईटी, डिझाइनच्या पदवीसाठी आयआयटी मुंबई घेत असलेली युसीड आणि अहमदाबादच्या एनआयडी या डिझाइन संस्थेची प्रवेशपरीक्षा यांची तयारी करायला सांगतात. माझी मुलगी या वर्षी त्यांतल्या दोन देणार आहे. त्या परीक्षांपूर्वीच्या मोकळ्या महिन्यांत, किंवा आधीच नोकरीत असलेल्या आणि कठपुतळी हलवून कंटाळलेल्या कलावंताने हात पुन्हा मोकळा करण्यासाठी, हा वर्ग करावा असे मी म्हणेन. अकरावीखालच्या मुलांना मात्र पाठवू नये. सरांना धीर कमी आहे. पुढची तुकडी गणपतीनंतर सुरू होते. जागा हवी असल्यास आधी एका शनिवारी जाऊन मागच्या बाकावर बसून पाहावे, त्यासाठी पैसे लागत नाहीत. येताना एक रीम कागद आणि पाण्याची बाटली आणावी, आणि भोके पाडण्याच्या रांगेत उभे राहायचे नसेल तर पंधरा मिनिटे आधी यावे.

चौदा आठवड्यांत मुलीचे तीन रीम कागद संपले आणि त्यातून तिचे शेहेचाळीस सेकंदांचे शो-रील झाले. शेवटच्या रविवारी सरांनी ते दोनदा पाहिले आणि त्यातील अकरा सेकंद काढून टाक म्हणून सांगितले. नऊ तिने मुकाट्याने काढले. उरलेले दोन सेकंद म्हणजे ती रुसलेली दळणाची पिशवी मान वळवून मागे पाहते ते. पिशवीला मान नसते, हा सरांचा मुद्दा आहे. त्या दोन सेकंदांवरून दोघांचा वाद अजून मिटलेला नाही आणि दर शनिवारी ती नवी चोवीस चित्रे घेऊन तीन मजले चढते.